कॉफीचे चार मग आणि राहिलेले दोन विषय

ज्याची ही हकिगत आहे त्या विद्यार्थ्याने लेख वाचून होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वेळा, कॉफीचं प्रमाण आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे.

## पार्श्वभूमी

मुलगा तंत्रशाखेच्या दुसऱ्या वर्षाला, वय १९, वसतिगृहात राहणारा. शाळेत कायम वरच्या नंबरात. पहिलं वर्ष कसंबसं निभावलं आणि तिसऱ्या सत्रात पाचपैकी दोन विषय राहिले, गणित आणि यंत्रशास्त्र. एकूण ४६ टक्के. त्याच्या तुकडीची मार्गदर्शक शिक्षिका म्हणून निकालानंतर मी त्याला भेटायला बोलावलं. त्याआधीच एका सहकाऱ्याने सांगितलं होतं की हा सकाळी आठच्या तासाला दुसऱ्या बाकावर बसून पेंगतो, हाक मारली की दचकतो आणि पुन्हा मान टाकतो.

मी आळसाबद्दल बोलणार असं समजूनच तो आला होता. बसायच्या आत म्हणाला, "मॅडम, अभ्यास करत नाही असं फक्त म्हणू नका. रोज रात्री अडीच-तीनपर्यंत बसतो मी."

ते खरं होतं. खोलीतला सोबती त्याच्या टेबलावरच्या दिव्याने वैतागलेला असायचा. पुरावा म्हणून त्याने दोन वह्या सोबत आणल्या होत्या. मी सहज पानं उलटली. दहा-साडेदहाच्या सुमाराला लिहिलेल्या ओळी सरळ, मुद्देसूद, बाजूला छोट्या आकृत्या. पुढे पुढे अक्षर उजवीकडे कलत जातं, एकाच वाक्याखाली तीन रंगांच्या रेघा येतात आणि एका पानावर तर एकच सूत्र लागोपाठ चार वेळा उतरवलेलं होतं. चारही वेळा एकाच जागी चुकलेलं. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात मगाच्या तळाचं तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. कॉफीचा विषय त्या वर्तुळावरून निघाला.

## अडचण नेमकी कुठे होती

"किती कप पितोस?" मी विचारलं. "तीन, कधी चार. पण मॅडम, मला कॉफी चढत नाही. पिऊन लगेच झोपू शकतो मी." हे वाक्य मी आजवर किती मुलांकडून ऐकलंय याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक वेळी ते अगदी मनापासून म्हटलेलं असतं.

"कप" हे माप नाही, हे मला त्याच आठवड्यात कळलं. त्याचा मग मोठा होता आणि "दोन चमचे" म्हणजे शिगोशीग दोन चमचे. मी त्याला एका मगाला लागणारी पावडर नेहमीसारखीच काढून वजनकाट्यावर ठेवायला सांगितली. भरली ५ ग्रॅम. इन्स्टंट कॉफीच्या पावडरीत वजनाच्या साधारण ३ टक्के कॅफीन असतं, प्रकारानुसार थोडंफार इकडेतिकडे. म्हणजे एका मगात १५० मिलिग्रॅमच्या आसपास. सपाट चमचाभर पावडरीच्या कपात ६० च्या जवळपास असतं, त्याच्या अडीच पट. चार मगांचे झाले ६००. युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसभरात ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण सुरक्षित मानलं आहे. पौगंडावस्थेतल्या मुलांसाठी तर हिशेब आणखी खाली येतो, वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम.

मग वेळा मांडल्या. सकाळी ८, दुपारी ३, रात्री ८ आणि ११. झोपायची वेळ पहाटे ३, उठायची सव्वासात. रविवारी दुपारी बारापर्यंत झोप.

कॅफीन शरीरात काय करतं ते मी त्याला कागदावर काढून दाखवलं. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की झापड यायला लागते. कॅफीन त्याच जागा अडवून बसतं. झोपेचं कर्ज तसंच राहतं, फक्त वसुलीवाला दाराबाहेर थांबतो. कॅफीनचा जोर ओसरला की साठलेलं ॲडेनोसिन एकदम जागेवर येतं. शिवाय घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला दोन, कुणाला नऊ. पाच तास धरून आम्ही चारही मगांचा हिशेब केला. पहाटे तीनला तो अंथरुणावर पडायचा तेव्हा त्याच्या अंगात सुमारे १८० मिलिग्रॅम कॅफीन शिल्लक असायचं. पूर्ण एक मग पिऊन झोपायला जाण्याहूनही जास्त.

तो आकडा बघून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण झोप तर लागते ना?" लागते, कारण थकवा तेवढा असतो. पण अशा झोपेतला गाढ भाग कमी होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. आणि दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम बरंचसं झोपेतच होतं. म्हणजे हा मुलगा रात्रभर भरत होता आणि भरलेलं टिकवायची वेळ रोज कापत होता.

इथे मी थोडी थांबले. कॉफीमुळे मार्क गेले की मार्क गेले म्हणून कॉफी वाढली? त्याला विचारलं तर पहिल्या वर्षी दिवसाला एकच मग होता. दुसरा आला गणित अवघड जायला लागल्यावर, तिसरा आणि चौथा निकाल हातात पडल्यावर. कॉफी आणि गुण यांचा संबंध शोधणाऱ्या पाहण्यांमध्ये हाच गुंता असतो. अडचणीत असलेली मुलं जास्त जागतात, जास्त पितात, आणि एकाच वेळी घेतलेल्या नोंदींवरून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरवता येत नाही. हे मला तेव्हा समजत होतं. तरी पुढे मी जे केलं त्यात मी ते विसरले.

## समोर असलेले पर्याय

घरच्यांशी बोलणं झालं तेव्हा आईचं मत ठाम होतं: व्यसन लागलंय, आधी कॉफी सोडायला लावा. मुलाचं मत बरोबर उलट. कॉफीच त्याला उभं ठेवत होती, ती काढली तर आहे तेही जाईल. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. कॅफीनने सावधपणा वाढतो, प्रतिक्रिया जलद होते, कंटाळवाण्या कामात लक्ष टिकतं, आणि दमलेल्या माणसात हा फरक जास्तच दिसतो. पण रोज भरपूर पिणाऱ्याला सकाळच्या मगाने जी तरतरी येते तिचा काही भाग म्हणजे रात्रभर न मिळाल्याने लागलेली ओढ शमणं. तो मूळ पातळीवर परत येत असतो आणि त्याला वाटतं आपण वर चढलो. अवघड संकल्पना समजण्यासाठी मात्र कॅफीनकडून फार अपेक्षा धरू नये. पानावर डोळे उघडे राहतात, एवढंच.

माझ्यासमोर चार वाटा होत्या. कॉफी एकदम बंद करायची. कॉफीला हात न लावता अभ्यासाची पद्धत बदलायची. प्रमाण आणि वेळ हळूहळू खाली आणायची. किंवा आधी डॉक्टरांना दाखवून घ्यायचं, कारण अधूनमधून छातीत धडधडतं आणि बोटं थरथरतात असं त्याने ओझरतं सांगितलं होतं. चौथी वाट सर्वांत आधीची होती हे आता लिहिताना लख्ख दिसतं. त्या दिवशी मला ती "नंतर बघू" या रकान्यातली वाटली.

## पहिला निर्णय

आमची दुसरी भेट शनिवारी दुपारी झाली. आकडे हातात होते, आईचा फोन ताजा होता, मुलगा ऐकायच्या मनःस्थितीत होता. मी म्हणाले, "आजपासून बंद. आठ दिवस करून तर बघ." त्याने एक शेवटचा मग मागितला आणि तीन वाजता घेतला.

सोमवारी सकाळी दहाला यंत्रशास्त्राची अंतर्गत परीक्षा होती. मला ते माहीत होतं, वेळापत्रक माझ्याच टेबलावर होतं. कॉफी सोडणं आणि परीक्षा देणं या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत.

रोजची कॉफी अचानक तोडली की १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो आणि तो २० ते ५१ तासांच्या दरम्यान शिखरावर असतो. पूर्ण निवळायला दोन ते नऊ दिवस जातात. डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड, मळमळ, लक्ष न लागणं, हे सगळं त्यात येतं. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून या अवस्थेला स्वतंत्र नोंद आहे. शनिवारी दुपारी तीन ते सोमवारी सकाळी दहा म्हणजे ४३ तास. याहून वाईट वेळ ठरवून काढली असती तरी सापडली नसती.

डोळ्यांच्या मागे ठणका मारत होता, प्रत्येक प्रश्न तीनदा वाचावा लागत होता, असं त्याने नंतर सांगितलं. ३० पैकी १७ गुणांचं लिहिलं आणि ९ मिळाले. दुपारी सोबत्याने डोकेदुखीची गोळी दिली आणि तासाभरात डोकं थांबलं. "गोळी एकदम भारी होती," तो म्हणाला. मी वेष्टन मागवून घेतलं. वेदनाशामकाच्या नावाखाली बारीक अक्षरात कॅफीन लिहिलेलं होतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये ते असतं. म्हणजे दोन दिवस न घेतलेली कॉफी त्याने दुपारी गोळीतून घेतली होती.

त्याच संध्याकाळी तो पुन्हा चार मगांवर गेला आणि आठवडाभर मला टाळत राहिला. मला त्या ९ गुणांपेक्षा हे जास्त लागलं. त्याने ऐकलं होतं, आणि ऐकण्याची किंमत त्यानेच मोजली होती. मी त्याच्या वर्गाबाहेर थांबून सांगितलं की चूक माझी होती, तुझी नव्हे. परीक्षेच्या तोंडावर हे करायला सांगायला नको होतं. तो चटकन म्हणाला, "मला वाटलं माझ्यातच दम नाही." ते गुण अंतिम निकालात धरले जाणार होते, आणि तेवढं नुकसान काही भरून निघालं नाही.

## दुसरी योजना

या वेळी आधी डॉक्टर. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि हृदयाचा आलेख, सगळं ठीक निघालं. इतर कुठली औषधं चालू आहेत का हेही त्यांनी विचारलं, कारण सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या काही प्रतिजैविकांमुळे कॅफीन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. गर्भनिरोधक गोळ्यांनीही तसंच होतं, मुलींच्या बाबतीत हे विसरू नये. धडधड प्रमाण कमी झाल्यावर थांबते का पाहा, न थांबल्यास परत या, असं सांगून त्यांनी सोडलं.

मग सत्र परीक्षेपासून मागे मोजत कॅलेंडर मांडलं. हाताशी सहा आठवडे होते. कपात शेवटच्या मगापासून, म्हणजे रात्री ११ च्या मगापासून सुरू करायची. दर चार दिवसांनी एक पायरी. पहिल्या पायरीला त्या मगात ५ ऐवजी अडीच ग्रॅम पावडर, पुढच्या पायरीला तो मग बंद, मग रात्री आठचा तसाच. पावडर काट्यावर तोलूनच घ्यायची, चमच्यावर भरवसा नाही. जवळपास अडीच आठवड्यांत तो सकाळच्या आणि दुपारच्या दोन मगांवर आला. दुपारचा मग तीनवरून दोनला ओढला. दिवसाचं प्रमाण ३०० च्या आत राहिलं. दुसऱ्या पायरीला दोन दिवस डोकं जड होतं, बाकी काही नाही.

कॉफी कमी केली की रात्री अकराला झापड येणार हे उघड होतं. म्हणजे रात्रीचे चार तास जाणार. याची त्याला खरी भीती होती, आणि तिला नुसत्या समजुतीने उत्तर देणं मला पटत नव्हतं. म्हणून पहिल्या चार रात्री एक साधी गोष्ट केली. दर तासाला काय वाचलं ते वहीच्या समासात वेळ घालून लिहायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी, वही मिटून, आदल्या रात्रीचं जे आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवायचं. मग दोन्ही शेजारी ठेवायचं.

चारही दिवस कागदावर जे उतरलं ते बहुतेक साडेअकराच्या आतलं होतं. एकनंतरचं जवळपास काहीच नाही. एका दिवशी तर रात्री दोनला वाचलेला एक अख्खा भाग आपण वाचला होता हेच त्याला आठवेना, आणि समासात त्याच्याच अक्षरात वेळ लिहिलेली होती. चार दिवस आणि एक मुलगा, यातून काही सिद्ध होत नाही हे मान्य. पण त्याला पटायला तेवढं पुरलं. मी सांगून जे झालं नव्हतं ते त्या चार कागदांनी केलं.

तेव्हापासून कोरा कागद हीच त्याची अभ्यासाची मुख्य पद्धत झाली. वाचलेलंच पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून लिहिण्याने दीर्घकाळ जास्त टिकतं, हे २००६ च्या रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं होतं. रेघा मारणं बंद. झोप बारा ते साडेसात. रविवारीही उठायची वेळ तासाभराहून जास्त पुढे ढकलायची नाही, नाहीतर सोमवार पुन्हा फिसकटतो.

## काय झालं

तिसऱ्या आठवड्यापासून सकाळच्या तासाला तो जागा असायचा. हे मला त्याच सहकाऱ्याने येऊन सांगितलं. धडधड थांबली, बोटांची थरथर गेली. सत्र परीक्षेत पाचपैकी चार विषय सुटले, एकूण ५७ टक्के. मागच्या सत्रातलं यंत्रशास्त्र पुन्हा दिलं, तेही सुटलं. गणित मात्र याही वेळी राहिलं.

हे ११ टक्के कॉफी कमी केल्याचे, असं मी म्हणणार नाही. झोप वाढली, पद्धत बदलली, कॉफी उतरली, आणि दर आठवड्याला कुणीतरी आस्थेने विचारणारं माणूस मिळालं. सगळं एकाच वेळी. कशाचा वाटा किती हे वेगळं काढायची सोय या प्रकरणात नाही. माझा अंदाज विचाराल तर झोप आणि कोरा कागद यांचा वाटा मोठा, आणि कॉफी उतरवल्यामुळे त्या दोघांना जागा झाली.

परीक्षेच्या आठवड्यात एका पेपरच्या आदल्या रात्री त्याने अकराला पूर्ण मग घेऊन दोनपर्यंत अभ्यास केला. हे त्याने स्वतःहून सांगितलं, खाली मान घालून. त्या पेपरात त्याला त्याच्या चारही विषयांतले सर्वाधिक गुण मिळाले. विषय सोपा होता, आधीची तयारी होती, एक रात्र निभावली. मी हे गाळू शकले असते, पण मग ही नोंद खोटी झाली असती.

## आज हाती आलं तर वेगळं काय करेन

बदल कधी सुरू करायचा हे ठरवताना परीक्षेचं वेळापत्रक उघडं ठेवेन. त्या सोमवारचं दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही. कमी करायला सुट्टीचे पहिले दोन आठवडे सर्वांत चांगले, आणि तसं नसेल तर परीक्षा होईपर्यंत आहे ते प्रमाण तसंच ठेवून फक्त शेवटचा मग थोडा अलीकडे आणणं परवडतं. धडधडीचा उल्लेख ऐकल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवेन. आणि "किती कप?" असं विचारणार नाही. पावडर किती, मग केवढा, शेवटचा किती वाजता, शिवाय चहा, कोला, एनर्जी ड्रिंक आणि गोळ्या, असं विचारेन.

पण माझी खरी खंत गणिताची आहे. त्याच्या वहीतलं ते चार वेळा लिहिलेलं, चारही वेळा एकाच जागी चुकलेलं सूत्र मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. ते संकलनातलं (इंटिग्रेशनमधलं) होतं, आणि चूक झोपेची नव्हती. साडेदहाच्या सरळ अक्षरातही तो तिथेच अडखळला होता, हे मी नंतर वह्या पुन्हा मागवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. शाळेच्या शेवटच्या वर्षी तो धडा आजारपणात बुडला होता आणि पुढचं सगळं त्या भगदाडावर रचलेलं होतं. कॉफी मोजता येत होती म्हणून मी ती मोजत बसले. सहा आठवड्यांत गणितावर आमचं बोलणं झालं ते एकदा, तेही पंधरा मिनिटं.

निकालानंतर त्याला बोलावलं तेव्हा या वेळी मी गणिताचंच पुस्तक काढून ठेवलं होतं, शाळेचं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला आम्ही बसतो. मागच्या आठवड्यात ते सूत्र त्याने कोऱ्या कागदावर स्वतः सिद्ध करत आणलं. दुसऱ्या पायरीला अडला, मी गप्प राहिले, आणि त्याने ती ओळ खोडून पुन्हा लिहिली.